सौभाग्यवती आवडी, मुक्काम मोरस

सुलेखाला राग लवकर येतो, हे ती पाच वर्षांची असतानाच तिच्या आईनं जाहीर केलं होतं, आणि आईला खोटं पाडायचा सुलेखानं कधी प्रयत्न केला नाही. जर्मनीत ट्यूबिंगेनला आल्यावर मात्र तिनं दीड महिना राग गिळला. खोली शोधायची होती ना! विद्यापीठानं शेवाळांवर संशोधन करायला टेबल दिलं, सूक्ष्मदर्शक दिला, डोकं टेकायला जागा दिली नाही. ती आपली आपण शोधायची. जाहिरात बघून ती जिने चढायची, दार उघडायचं, बाईची नजर साडीवरून फिरायची आणि खोली, त्यांचं ‘त्सिमर’, नेमकं सकाळीच कुणाला तरी दिलेलं असायचं. आठ घरांत ते असं सकाळीच गेलं. नवव्या घरात शहाऐंशी वर्षांची एक फ्रेंच म्हातारी काठी टेकत दारात आली आणि सुलेखाला नखशिखांत न्याहाळून इंग्रजीत म्हणाली, "इंडियन ना तू? मला इंडियन बाईनंच वाढवलंय. ये आत."

एवढ्या एका वाक्यावर सुलेखा तिची झाली. थंडीत आठ दारांतून परत फिरलेल्या माणसाला दुसरं काय लागतं!

म्हातारीचं नाव मादाम एलेओनोर द केर्व्हेल, माहेर-सासर दोन्ही त्याच घराण्यातलं. जन्म मॉरिशसचा. म्हणजे आपल्या आज्या पांढऱ्या साखरेला ‘मोरस साखर’ म्हणायच्या, ते मोरस. राज्य इंग्रजांचं, पण जमिनी, ऊस आणि साखरेचे कारखाने फ्रेंच घराण्यांचे. केर्व्हेल त्यांतलेच, व्हालफ्लोरी नावाच्या मळ्याचे मालक. मादामचा मुलगा फ्रेंच सैन्यात कर्नल होता. दुसरं महायुद्ध संपल्यावर सैन्याबरोबर तो इथं आला, आईला घेऊन आला, आणि पाच वर्षांत छातीच्या दुखण्यानं गेला. त्याचं थडगं सोडून मादाम कुठं जायला तयार नव्हत्या. पॅरिसचे पुतणे-भाचे बोलावून दमले. टेकडीवरचं हे भाड्याचं घर, एक कोळशाची शेगडी आणि घराण्याचा इतिहास, एवढ्यात त्यांचा संसार होता.

इतिहास म्हणजे खराखुरा इतिहास. दोनशे वर्षांत केर्व्हेल घराण्यात कोण जन्मलं, कुणी कुठली जमीन घेतली, कुठल्या वादळात कारखान्याची चिमणी पडली, सगळं मादाम आठ वर्षं लिहीत होत्या. श्टुटगार्टचा एक छापखाना ते छापणार होता आणि नाताळात चाळीस नातेवाइकांना ते पुस्तक भेट जाणार होतं. रोज चार वाजता कॉफीच्या वेळी मादाम एकेक प्रकरण इंग्रजी करून सुलेखाला वाचून दाखवत. त्यात मजुरांना त्या ‘आमची लेकरं’ म्हणत. आमची लेकरं पहाटे तीनला उसात जात. आमच्या लेकरांना पपा चाबकानं क्वचितच मारत. सुलेखाच्या हातातला कप बशीवर जरा जोरात आदळायचा. मग तिला वरची ऊबदार खोली आठवायची आणि ती केकचा तुकडा तोंडात घालायची. तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही.

नोव्हेंबरात मारीचं प्रकरण आलं. प्रकरण कसलं, अर्धं पान.

"आमची विश्वासू मारी," मादाम वाचू लागल्या, "मुंबईहून आलेल्या मजुरांच्या जहाजातून आली. दोन महिन्यांत तिचा नवरा तापानं मेला. तिला जगात कुणी नव्हतं. ती पस्तीस वर्षं आमच्या घरात राहिली, तिनं मला मांडीवर वाढवलं, आणि आम्हांला सोडून जावं असं एकदाही तिच्या मनात आलं नाही." इथं मादामनी चष्मा काढून डोळे पुसले. ते खरं पाणी होतं, सुलेखानं पाहिलं.

"मुंबईहून? मग मारी कशी? तिचं खरं नाव काय होतं?"

"मारीच. आमच्याकडे सगळ्या आया मारीच असायच्या. सोपं पडायचं."

सुलेखानं केककडे हात नेला, पण केक संपला होता.

"तुला एक दाखवते," म्हणत मादाम उठल्या आणि कपाटातून मेणकापडात बांधलेलं एक पुडकं घेऊन आल्या. ते पपांच्या टेबलाच्या खणात सापडलं होतं. "हे मारीचे मंत्र असणार. तिच्या देवाचे. याचं एक पान पुस्तकात चित्र म्हणून छापावं म्हणते. इथल्या प्रोफेसरांना दाखवलं, तर ते म्हणाले, ही लिपी आम्हांला येत नाही."

प्रोफेसरांना आली नाही, पण सुलेखाला ती बघताक्षणीच आली. मोडी! तिचे वडील रत्नागिरीच्या दफ्तरखान्यात कारकून. मोतीबिंदूनं त्यांना दिसेनासं झालं, तेव्हा नोकरी टिकावी म्हणून ते चोरून जुन्या कागदांचे रुमाल घरी आणत आणि दहा वर्षांची सुलेखा ते वाचून दाखवी. इतर मुली सागरगोटे खेळत, तेव्हा ही खरेदीखतं वाचत होती. मंत्र मोडीत कुणी लिहीत नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि हे तर घडी घालून डिंकानं चिकटवलेले कागद होते. वर टपालाचे शिक्के होते. अकरा पत्रं. अकराही न फोडलेली.

"मादाम, हे मंत्र नाहीत. पत्रं आहेत. फोडू?"

"फोड," मादाम म्हणाल्या.

सुलेखानं फळं कापायच्या सुरीनं पहिलं पत्र उकललं. कागद करकरला, पण शाई कालची वाटावी इतकी काळी होती. ती आधी मराठीत मोठ्यानं वाचत गेली आणि मग इंग्रजीत सांगत गेली.

"श्री. सौभाग्यवती चिरंजीव आवडी इजला राघो याचे आशीर्वाद उपरी. मौजे खारवडे येथे सर्व क्षेम. विशेष. तुम्ही उभयता गेल्यापासून खुशालीचे अक्षर नाही. आगबोटीवरून उतरताच पत्र धाडितो, असे बोलला होता. ठकू रोज आईस विचारिते. तिला आता स्पष्ट बोलता येते. मोरसास काम कसे, अन्न कसे, ते लिहावे."

"ठकू कोण?" मादामनी विचारलं.

"तिची मुलगी."

"मारीला मुलगी नव्हती."

"होती. आणि तिचं नाव आवडी होतं. म्हणजे लाडकी." सुलेखाचा आवाज चढायला लागला होता. "भाऊ होता, आई होती. जगात कुणी नव्हतं म्हणता ना? हे काय आहे?"

सुलेखा फोडत गेली आणि वाचत गेली. तिसऱ्या पत्रात ठकूला देवी आल्या होत्या, जगली, पण एका डोळ्यात फूल पडलं. पाचव्यात आईचे गुडघे धरले होते आणि ती म्हणत होती, पोरीला एकदा बघू दे. सातव्यात ठकूचं लग्न ठरलं होतं. आई हयात असता कन्यादानाला मावशीला बसवावं की तुमची वाट पाहावी, ते उलट टपाली कळवा, लग्न वैशाखापर्यंत थांबवतो, असं भावानं विचारलं होतं. आठव्यात लग्न होऊन गेलं होतं, ज्येष्ठात. म्हणजे वैशाखही संपू दिला होता बिचाऱ्यानं! नवव्यात राघोची आई गेली. प्रत्येक पत्रात तेच एक वाक्य येत होतं, तुमचे एकही अक्षर नाही. आणि दहाव्यापर्यंत प्रत्येक पत्राचा मायनाही तोच, सौभाग्यवती चिरंजीव आवडी.

त्या मायन्याशी सुलेखा थबकली. तिनं पुन्हा पहिलं पत्र उचललं, मग नववं, मग चौथं. आपल्याकडे विधवेला कुणी सौभाग्यवती लिहीत नाही. चुकूनही नाही. गावचा कुळकर्णी पत्र लिहून देताना शंभर चुका करील, पण मायन्यात ही चूक करणार नाही. मागाहून पोरीच्या जिवाला लागेल म्हणून भाऊच कान धरील त्याचा. नवरा दोन महिन्यांत मेला, मादामच्याच पुस्तकात लिहिलंय. आणि बारा वर्षं भाऊ तिला अखंड सौभाग्याचे आशीर्वाद पाठवतोय. म्हणजे त्यांना कळलंच नव्हतं. एवढी मोठी गोष्ट बाईनं घरी कळवली नसेल?

"मादाम," ती हळू म्हणाली, आणि सुलेखा हळू बोलायला लागली की तिच्या घरची माणसं खोलीतून बाहेर जात, "मारी घरी पत्र लिहायची का?"

"मारीला लिहिता येत नव्हतं."

"लिहून घ्यायची का?"

शेगडीत कोळसा खाली बसला. मादाम काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत होत्या.

"दर वर्षी. त्यांच्या नव्या वर्षाच्या सुमाराला. देवळाजवळ एक म्हातारा होता, तो लिहून द्यायचा."

"टपालात कोण टाकायचं?"

"टपाल सगळं पपांच्या हपिसातून जायचं. मळ्याची तशी पद्धत होती." मग जरा थांबून, "मी नेऊन द्यायची. मी सात-आठ वर्षांची झाल्यावर."

"आणि पपा?"

"खणात ठेवायचे. पुढं त्यांचं काय झालं, ठाऊक नाही. मी एकदा विचारलं, हे जात का नाही? पपा म्हणाले, तिला जगात कुणी नाही, ती कुणालाच लिहीत नाही, तिच्या समाधानासाठी लिहिते. असल्या पत्राला तिकीट कशाला?"

"तुम्ही मारीला काय सांगायचात?"

"ती व्हरांड्यात उभी असायची. विचारायची, पोचतं केलंस? मी म्हणायची, हो." मादामचा आवाज एकाएकी चिरका झाला. "तू माझ्याकडे अशी बघू नकोस! ती गेली असती तर मला झोपवलं कुणी असतं? ममा आजारी, भाऊ शाळेत. मी आठ वर्षांची होते!"

"तेव्हा आठ वर्षांच्या होतात," सुलेखा म्हणाली. "ती मेली तेव्हा तीस वर्षांच्या होतात."

सुलेखाला वाटलं, आता आपण एक शब्द बोललो तर भांडी फुटतील, म्हणून तिनं अकरावं पत्र उचललं. त्याला मायना नव्हता. आशीर्वाद नाही, सौभाग्यवती नाही, काहीच नाही. मजकूर थेट सुरू झाला होता.

"बारा वर्षे पुरी होऊन वर एक गेले. अक्षर नाही, सांगावा नाही. भटजींनी सांगितले की आता गेली समजून करावे, नाही तर तिला गती नाही. शके अठराशे दोन, भाद्रपद वद्य अमावास्येस पळसाच्या पानांचा पुतळा करून तुझी क्रिया केली. ठकूने तीन दिवस सुतक धरले. जेवली नाही. तू जिवंत असलीस तर भावावर रागावू नको. मेल्या माणसाला पत्र धाडीत नाहीत, परंतु माझा जीव राहीना म्हणून हे एक धाडिले. यापुढे धाडीत नाही."

सुलेखानं बोटांवर हिशेब केला आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. अठराशे ऐंशी साल. तिकडे खारवड्याच्या नदीकाठी पानांची बाई जळत होती, आणि इकडे खरी बाई आठ वर्षांच्या एलेओनोरला थोपटत बसली होती. त्यानंतर ती बावीस वर्षं जगली. बावीस वर्षं! आणि हपिसाच्या खणात हे पत्र डिंकासकट पडून होतं.

तिनं हे इंग्रजीत सांगितलं. क्रिया म्हणजे काय, पुतळा म्हणजे काय, सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. मादामचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"आता ते अर्धं पान बदला," सुलेखा म्हणाली. "तिचं नाव घाला. पत्रांचं लिहा. ‘तिला जगात कुणी नव्हतं’ हे वाक्य काढा."

मग मादाम ताठ बसल्या. केर्व्हेल बसत असतील तशा.

"ते पान बदलणार नाही. चाळीस घरांत पपांचं नाव जाणार आहे. ते दयाळू होते."

"ते चोर होते!"

"माझ्या घरात बसून माझ्या वडिलांना चोर म्हणतेस?"

"नाही बसत मग तुमच्या घरात," सुलेखा म्हणाली आणि उठली.

रागाच्या भरात घर सोडायला हिवाळ्याची सुरुवात ही वेळ चांगली नव्हे, हे तिला वर खोलीत गेल्यावर कळलं. कळून उपयोग नव्हता. दोन दिवस बसून तिनं अकरा पत्रांची अक्षरन् अक्षर नक्कल बाळबोधीत केली, मूळ पत्रं मेणकापडात बांधून मादामच्या टेबलावर ठेवली आणि श्रीरंगला निरोप धाडला. श्रीरंग पुण्याचा. झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर. स्वभावानं मऊ, आणि सुलेखाची ट्रंक उचलणं हे आपलं कर्तव्य आहे असं त्यानं का कोण जाणे ठरवून टाकलं होतं.

"आल्झो, तू पण ना सुलेखा, कमाल आहेस," तो जिन्यात धापा टाकत म्हणाला. ‘आल्झो’, म्हणजे ‘तर मग’, हा जर्मन शब्द त्याच्या तोंडी बसला होता. "ऐंशी वर्षांपूर्वीची केस! सगळी पार्टी मेलेली. आणि त्यापायी डिसेंबरात त्सिमर सोडतेस? इतकी चांगली लँडलेडी, हीटिंगसकट. मॅड आहेस का?"

"जा, आहे मी मॅड. ट्रंक नीट धर."

"मी म्हणतो, ओल्ड लेडी आहे बिचारी. एटी-सिक्स. आज आहे, उद्या नाही. तिला कशाला टॉर्चर करायचं?"

"तिला बिचारी म्हणतोस? आणि ती व्हरांड्यात उभी राहायची ती कोण रे? तिला एकदा तरी बिचारी म्हण की! तिचं नाव तरी घे!"

श्रीरंगनं नाव घेतलं नाही, पण ट्रंक शेवटपर्यंत एकट्यानं वाहिली. नवी जागा म्हणजे एका लाँड्रीमागची तळघराची खोली होती. भिंतीला ओल, आणि दिवसभर साबणाच्या वाफेचा वास. विद्यापीठात शेवाळ, घरीही शेवाळ. सुलेखा स्वतःशीच हसली आणि त्याच रात्रीपासून खोकायला लागली.

तिनं नकला ‘मुख्याध्यापक, प्राथमिक शाळा, मौजे खारवडे, तालुका राजापूर’ अशा पत्त्यावर पाठवल्या. गावात कुणी नाही तरी मास्तर असतोच आणि मास्तर वाचतोच, हा तिचा भरवसा होता. पत्रं कुठं सापडली, टपाल कुणी आणि कसं अडवलं, तेही लिहिलं. आवडी कधी वारली ते तेवढं लिहिलं नाही. का नाही लिहिलं, हे तिनं स्वतःला विचारलंही नाही.

उत्तर एप्रिलात आलं. भास्कर पाटणकर नावाच्या मास्तरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, आणि खाली शाईचा एक अंगठा होता. सुलेखानं ते उभ्या उभ्या वाचलं, कोट चढवला आणि टेकडी चढून मादामच्या दारात गेली. चार महिन्यांत ती त्या रस्त्यानं एकदाही गेली नव्हती.

मादाम खुर्चीत होत्या. हिवाळ्यानं त्यांना आणखी वाळवलं होतं. टेबलावर पुस्तक होतं, लाल चामड्याचं, सोनेरी अक्षरांचं. सुलेखानं विचारलं नाही, पण ते वाक्य त्यात आहे हे मादामच्या नजरेवरूनच समजलं.

"बस," मादाम म्हणाल्या.

"उभीच ठीक आहे. आवडीच्या गावाहून पत्र आलंय. ठकूची मुलगी हयात आहे. चौऱ्याहत्तर वर्षांची. ठकूनं तिचं नाव आवडी ठेवलं, आईचं. तिला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, आजी कुठल्या दिवशी वारली? गेली ऐंशी वर्षं ते सगळ्या पितरांच्या अमावास्येला तिचं पान वाढतात, कारण तिथी ठाऊक नाही. खरी तिथी कळली तर त्या दिवशी वाढतील."

मादामनी पुस्तक ओढलं. पानं उलटली, मागची यादी बघितली, पुन्हा पुढं आल्या. सुलेखा त्यांच्या खांद्यावरून बघत होती. फ्रेंच येत नसलं तरी आकडे कळतात. पपांच्या मरणाची तारीख होती, वेळेसकट. सुलतान नावाच्या घोड्याची होती, जन्माची आणि मरणाची. कारखान्याची घंटा कुठल्या दिवशी ओतली तेही होतं.

"ऊसतोड चालू होती," मादाम अखेर म्हणाल्या. "जुलै असेल. किंवा ऑगस्ट. पपा म्हणाले, संध्याकाळी पुरा, लोकांचा दिवस मोडायला नको. तारीख... तारीख लिहिलेली नाही."

सुलेखाच्या पायाची आग मस्तकाला गेली. "घोड्याची लिहिलीत!"

"दुसरी गोष्ट काय?"

"दुसरी." सुलेखानं पत्र उघडलं, कारण हे आपल्या शब्दांत सांगायचं नव्हतं. "‘माझी आई ठकू मरेपर्यंत एकच विचारीत होती. आपण क्रिया केली तेव्हा आई जिवंत तर नव्हती ना? जित्या माणसाला अग्नी दिला तर नाही ना? ती त्या विचारानं झुरली. आता मीही म्हातारी झाले. तुम्हांला कळले असेल तर खरे काय ते कळवावे.’"

खाली रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. मादामनी हात पुढे केला, पत्र घेतलं आणि त्या अंगठ्याच्या ठशावरून बोट फिरवलं.

"आधीच वारली होती म्हणून कळव. क्रियेच्या आधी. एक वर्ष आधी. कुणाला कळणार आहे? म्हातारीला शांत मरू दे."

खरं सांगायचं तर टेकडी चढताना सुलेखाच्या मनात हेच आलं होतं. हेच शब्द, एक वर्ष आधी. दया म्हणून. आता दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकल्यावर तिला स्वतःचीच इतकी चीड आली की हाताच्या मुठी वळल्या.

"तुमच्या पपांनाही दयाच आली होती," ती म्हणाली. "तिच्या समाधानासाठी! तिकडच्या माणसांना काय सांगायचं आणि काय नाही, हे या घरानं तेरा वर्षं ठरवलं. आता मीही ठरवू? तिनं खरं विचारलंय. तिला खरं मिळेल."

"झुरेल ती."

"झुरू दे. पण आपण काय केलं म्हणून नाही, तुम्ही काय केलं म्हणून. कागद द्या."

मादामनी खण उघडून कागद आणि दौत पुढे सरकवली. सुलेखा त्याच टेबलावर, लाल पुस्तक बाजूला सारून, लिहायला बसली. लिहिलं की तुमच्या आजी आवडीबाई क्रियेच्या वेळी जिवंत होत्या. त्यानंतर बावीस वर्षं जगल्या. नवरा पहिल्याच वर्षी वारला, तेही त्यांनी घरी लिहून कळवलं असणार. दर पाडव्याला त्या पत्र लिहून घेत होत्या, ते कधी टपालात पडलं नाही. तुमची पत्रं त्यांच्या हाती दिली गेली नाहीत. दोष राघोचा नाही, ठकूचा नाही, भटजींचा नाही. दोष ज्यांचा आहे त्यांची नावं खाली देते. तिथी कुणी लिहून ठेवली नाही. माफ करा असं मी म्हणत नाही, कारण ते म्हणायचा अधिकार माझा नाही.

तिनं ते सगळं इंग्रजीत वाचून दाखवलं, नावांसकट. वडिलांचं नाव आलं तेव्हा मादामनी डोळे मिटले. स्वतःचं नाव आलं तेव्हा उघडले.

"याचं ते काय करतील?"

"मास्तर वाचून दाखवतील."

"एकटीला?"

"गाव आहे ते, मादाम. सगळ्यांसमोर."

"काय वाटतं तुला," मादाम एकदम चवताळून म्हणाल्या, "मला कधी झोप लागली असेल? ‘पोचतं केलंस?’ अजून ऐकू येतं मला!"

"ऐकू यायलाच हवं," सुलेखा म्हणाली आणि टाक त्यांच्यापुढं धरला.

मादामनी सही केली. एलेओनोर द केर्व्हेल. पूर्ण नाव, दोन ओळी व्यापणारं. शेवटच्या अक्षराला हात घसरला आणि शाई ओघळली. मग त्यांनी स्वतःच कागदाची घडी घातली, पाकिटात सरकवली, आणि जन्मभराच्या सवयीनं म्हणाल्या, "त्या तबकात ठेव. सकाळी पोस्टमन येतो, मी देईन त्याच्याकडे."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. तबकाकडे केलेलं बोट तसंच हवेत राहिलं.

सुलेखानं पाकीट त्यांच्या हातातून काढून घेतलं, कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि पोस्ट बंद व्हायच्या आत पोचावं म्हणून टेकडी उतरायला लागली.